मिस्टर आहो

ख्राइस्टचर्च
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

मायन्याची जागा मोकळी सोडली आहे. काय लिहावं ते सुचेना. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तुम्ही कायम हाकेच्या अंतरावर. आता तुमचा सकाळचा चहा होतो तेव्हा इथे दुपार कलायला लागलेली असते. पाकिटावर 'श्री. गोपीनाथ चांदवडकर, नाशिक रोड' असं संपदा लिहून देणार आहे, तेव्हा पत्र भलत्याच माणसाकडे जाणार नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मध्ये बोलता. "मला काय वाटतं" एवढं मी म्हणेपर्यंत तुमचं उत्तर तयार असतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्म काढला, अख्ख्या गावाचे फोन जोडून दिले, आणि घरात माझं एक वाक्य धड पुरं झालं नाही. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. बोललात तरी मला ऐकू येणार नाही.

तुमचा निरोप संपदाने पोचवला. बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली, डिसेंबरअखेर जागा रिकामी करायची, आणि तोवर भाड्याने एका माणसापुरती खोली घ्यायची की दोघांचं घर बघायचं ते तुम्हाला ठरवायचं आहे. "तिला विचार, येणार आहे की नाही, एकदाचं सांग." हे तुमचे शब्द, तिने जसेच्या तसे सांगितले. दीड वर्ष झालं, तुम्ही म्हणता "तिला विचार" आणि मी म्हणते "त्यांना सांग". ऑपरेटरची नोकरी मी सोडली आणि लेकीला लागली.

उत्तर देणार आहे. पण आधी व्हिएन्नातल्या त्या सकाळबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूने एकदा ऐका. नमनाला घडाभर तेल जातंय, चालवून घ्या.

संपदाची तिथे कॉन्फरन्स होती. भूकंपानंतर इथल्या इमारती कशा उभ्या केल्या, ते ती सांगणार होती. तिने ठरवलं, आई ख्राइस्टचर्चहून येईल, बाबा नाशिकहून येतील, तिसऱ्याच गावात भेट होईल. 'न्यूट्रल जागा' हा तिचा शब्द. तुम्ही आलात हेच मला खरं वाटत नव्हतं. पहिले दोन दिवस आपण काय बोललो? "पाणी हवंय का?" आणि "किल्ली कुठंय?" तिसऱ्या दिवसासाठी पोरीने साल्झबर्गच्या सहलीची दोन तिकिटं काढली. छोटी गाडी, आठ प्रवासी, एक गाइड, एक ड्रायव्हर. दिवसभर एका बाकावर बसले की झक मारत बोलतील, असा तिचा आडाखा. स्वतः आली नाही, मुद्दाम.

त्या सकाळी तुम्ही चहाला तोंड लावलं नाहीत. कप तसाच ठेवून उठलात. मी मनात म्हटलं, चहावर राग काढायची ही नवीन तऱ्हा. गाडी दारात आली आणि तुम्ही मफलर आणतो म्हणून वर गेलात. मी जिन्याखाली उभी राहून हाका मारत होते. अहो, गाडी आली. अहो, लोक थांबलेत. गाइडबाई हातात यादी घेऊन माझ्या शेजारी उभी. यादीवर 'शुभा आणि एक' एवढंच होतं. ती माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "आहो?" आणि 'एक' खोडून तिथे तेच लिहिलं. मिस्टर आहो.

तुमच्याऐवजी संपदा खाली आली. "बाबा नाही येत म्हणतात. चर्चं काय बघायची, तिला जाऊ दे."

तुम्हाला वाटलं असेल, मीही वर येईन. तसं माझंही पाऊल जिन्याकडे वळलं होतं. पण मला ते जेवण आठवलं. इथे, संपदाच्या ऑफिसातली माणसं आली होती तेव्हाचं. एकीने मला विचारलं होतं की पुराच्या वेळी मी एक्स्चेंजमध्ये कसं काम केलं. मी सुरुवात केली, "व्हेन द वॉटर केम," आणि तुम्ही पलीकडून म्हणालात, "डोन्ट आस्क हर. शी डझन्ट नो एनिथिंग. आय वॉज इन इरिगेशन, आय विल टेल यू." मराठीत म्हणाला असतात तर गिळलं असतं, सवय होती. इंग्रजीत म्हणालात, सगळ्यांना कळलं. ती विचारणारी बाई आपल्या ताटातल्या भाताकडे बघत बसली. मग तुम्ही धरणाचे दरवाजे, पाण्याची पातळी, सगळं सांगितलंत. पुढच्या महिन्यात तुमच्या तिकिटावर तुम्ही गेलात, माझ्या तिकिटावर मी गेले नाही.

म्हणून मी गाडीत चढले. तुम्ही वरच्या खिडकीत होता. मी मान वर केली नाही, पण तुम्ही होता.

पानं संपली. बाकीचं पुढच्या रविवारी.

शुभा


ख्राइस्टचर्च
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

आधीचं पत्र अजून समुद्रावरच असेल. मला मात्र थांबवत नाही. तुम्ही त्या संध्याकाळी मी परत आल्यावर काही विचारलं नाहीत, पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड केलंत. दुसऱ्या दिवशी तुमचं विमान. तो दिवस पोटात ठेवून मी इतके दिवस फिरतेय.

गाइडचं नाव वाल्ट्राउड. जिभेला पीळ पडतो, पण बाई मायाळू. गाडी सुटल्यावर मागे वळून म्हणाली, "मिस्टर आहो इज नॉट वेल?"

मी म्हटलं, "ही इज वेल. ही इज अँग्री."

"माइन टू," ती म्हणाली. "सिन्स अवर वेडिंग." सगळी गाडी हसली आणि मी पण हसले. तुमचं नाव आहो नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग नाव काय, असं तिने विचारलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. रेशन ऑफिसात सुद्धा मी कागदावर लिहून दाखवायची. म्हटलं, राहू दे. आहो तर आहो. रोजचंच आहे.

माझ्या शेजारची जागा तुमची, तिथे मी पर्स ठेवली होती. पलीकडे एक धिप्पाड बाई बसली होती. "किआ ओरा," असा तिने इकडचा नमस्कार केला. मीही सवयीने "किआ ओरा" म्हटलं आणि आम्ही दोघी चकित. ती ऑकलंडच्या ओटाहुहूची निघाली. नाव मेरे, माओरी आहे. नर्सरीत रोपं विकते, बहिणीबरोबर युरोप बघायला आलेली. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला येऊन माझ्या शेजारी कोण, तर न्यूझीलंडचीच. मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. या देशाला मी मनात माहेर म्हणायला लागले आहे, हे मला तिथे कळलं.

तिने विचारलं, "युअर हजबंड्स नेम इज आहो? दॅट्स अ गुड नेम, दॅट." त्यांच्या भाषेत अहो म्हणजे दोरी. गळाची दोरी, विणकामातला आडवा धागा. वंशाच्या ओळीलाही अहोच म्हणतात. मी म्हटलं, दोरीच आहे ती. आमच्याकडे म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. हे इंग्रजीत सांगायला मला फार कष्ट पडले. सुंभाला काय म्हणायचं? शेवटी पर्सच्या बंदाला पीळ घालून दाखवला. तिला बरोबर समजलं. म्हणाली, तिच्या घरी असे दोन सुंभ आहेत.

गाव बघण्यासारखं आहे. नदीच्या दोन्ही काठांना जुनं शहर, वर डोंगरावर पांढरा किल्ला, आणि किल्ल्यावर न्यायला उभ्या चढाची गाडी. साल्झ म्हणजे मीठ. आसपासच्या खाणींतलं मीठ नदीतून नेऊन विकलं आणि त्यावर हे सगळं उभं राहिलं, असं वाल्ट्राउडने सांगितलं. चव बघायच्या आधी वरून मीठ घेणारे म्हणून तुमचा तिथे सत्कार झाला असता. एका अरुंद गल्लीत दुकानांवर लोखंडी पाट्या टांगलेल्या आहेत. पूर्वी लोकांना वाचता येत नसे, म्हणून चांभाराने जोडा टांगायचा, कुलपं करणाऱ्याने किल्ली. मला ते फार आवडलं. वाचता न येणाऱ्याला काही कळत नाही, असं त्या गावाने गृहीत धरलं नाही.

जेवायला किल्ल्यावर बसलो. तिथे मेरेने विचारलं, तू काय काम करायचीस? मी सांगायला लागले, आणि मध्ये कुणी बोललं नाही. मी थांबले तर लोक माझ्याकडे बघत थांबत. मला आधी ते समजेना. मग सांगत गेले. गोदावरी चढत होती, एक्स्चेंजच्या तळमजल्यात पाणी शिरलं, आम्ही दोघी-तिघी वरच्या मजल्यावर बोर्डावर बसून होतो. धरणाची लाइन पडली होती. मी ती दोन गावांवरून फिरवून घेतली आणि कलेक्टर कचेरीला जोडली, तेव्हा पलीकडून धरणावरचा माणूस ओरडत होता, "बाई, लवकर जोडा, झोपलात का?" मी म्हटलं, "अहो, मीच." तो म्हणाला, "कोण मीच? लाइन द्या."

माझं तुटकं इंग्रजी, तरी मेरेच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "मिस्टर आहो डिड नॉट नो हिज ओन वाइफ?" वाल्ट्राउडने तर ते जर्मनमध्ये ड्रायव्हरला सांगितलं. त्या जेवणाच्या वेळी तुम्ही धरणाचं सगळं सांगितलंत, पण लाइन कुणी जोडली ते सांगितलं नाहीत. तुमच्या लक्षात तरी आहे का?

आता मुख्य. दुपारी मोठ्या चौकात आम्हाला तासभर मोकळं सोडलं. तिथून सरळ गाडीकडे यायचं होतं. मी आणि मेरे कॉफी पीत बसलो आणि उशीर झाला. ड्रायव्हरने माणसं मोजली. वाल्ट्राउड पाय दुखतात म्हणून पुढे बसून डुलकी काढत होती. तिची यादी त्याच्या हातात, तिच्यावर आठ नावं, आणि कॉफीवाल्या आम्ही दोघी धरूनही एक कमी. सकाळचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या समजुतीने एक म्हातारा माणूस परक्या गावात हरवला होता. तो बिचारा घाबरून चौकात आला आणि तोंडाभोवती हात धरून हाका मारायला लागला. "आहो. आहो." केवढा उंच माणूस, केवढा आवाज. घोडागाड्यांचे घोडे कान टवकारून बघत होते. या टोकाला जाऊन "आहो", त्या टोकाला जाऊन "आहो".

मी कॉफीचा कप हातात घेऊन उठले. आधी हसू आलं. आमच्या चाळीतली एखादी बाई नवऱ्याला जेवायला बोलावतेय, तस्सं. मग एकदम रडू आलं. इतकी वर्षं ही हाक मी मारली, दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. ऐकायला कशी लागते, ते तेव्हा कळलं. तुम्ही त्या चौकात कुठे तरी असाल, एखाद्या खांबामागून "काय आहे?" म्हणत याल, असं मला खरंच वाटलं आणि तुम्ही नव्हता. मला तुमचा राग होता, अजून आहे. पण त्या वेळी मला तुम्ही हवे होतात.

मेरेने ड्रायव्हरला समजावलं. तो कपाळावरचा घाम पुसत माझ्याकडे बघून म्हणाला, "नेक्स्ट टाइम, ब्रिंग हिम."

तुम्ही का आला नाहीत? चर्चं बघायची नव्हती, हे मला सांगू नका. व्हिएन्नात दोन दिवस तुम्ही चर्चंच बघत होता. खरं काय ते लिहा, मग मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

शुभा


ख्राइस्टचर्च
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

तुमचं पत्र मिळालं. पाकीट एवढं मोठं, आत कागद अर्धा.

"पत्रे मिळाली. गाडीचा पहिला थांबा किती वेळाने आला? गाडीत मागे सोय होती का? प्रकृतीस जपणे."

एवढंच. मी दोन रविवार खर्चून काळीज कागदावर काढून ठेवलं आणि तुम्ही एसटीच्या चौकशी खिडकीवर उभं राहिल्यासारखं विचारता की थांबा किती वेळाने. संपदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, निदान त्यांनी वाचलंय तरी." वाचलं म्हणजे उपकार केले. मी असं ठरवते आहे की तुम्ही एका माणसापुरती खोली बघावी आणि


रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

वरचं वाक्य अर्धं सोडून उठले होते, संपदाच्या जुईला शाळेसाठी काहीतरी चिकटवून हवं होतं. ते तसंच राहू दे. फाडणार होते, पण तुम्हालाही कळू दे, मी कुठवर गेले होते.

काल जुईला घेऊन आकारोआला गेले. इथून डोंगर ओलांडून जुनं फ्रेंचांचं गाव आहे, समुद्राकाठी. तशीच छोटी गाडी, दिवसभराची सहल. या वेळी तिकिटं माझी मी काढली. डोंगर चढायच्या आधी एक म्हातारा गोरा उठला. आखूड पँट, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरा. ड्रायव्हरला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सॉरी, मेट. ओल्ड प्लंबिंग." ड्रायव्हर म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथलं 'चालेल की', आणि गाडी थांबवली. म्हातारा सावकाश जाऊन आला. कुणी मान वळवून पाहिलं नाही.

जुई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजोबा टू."

मी म्हटलं, "आजोबा टू काय?"

"ही न्यू ऑल द टॉयलेट्स इन हॅगली पार्क. इट वॉज अवर गेम. कोण आधी शोधतं." मग तोंडावर हात ठेवला. "ही सेड, डोन्ट टेल आजी."

मी आकारोआत काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. जुईने आइस्क्रीम खाल्लं, मी बाकावर बसून होते. तो न प्यायलेला चहा. तो मफलर, जो तुम्ही सकाळीच गळ्यात घातला होता, हे मला काल आठवलं. कैकौराला व्हेल बघायला नाही म्हणालात, तेव्हा मी म्हटलं माणूस हट्टी आहे. विमानात कडेच्या सीटसाठी त्या मुलीशी भांडलात. नाशिकला हास्यक्लब सोडलात. आणि आता पहिला थांबा किती वेळाने. खरं काय ते लिहा, असं मी म्हटलं होतं. तुम्ही लिहिलं होतंत. मला वाचता आलं नाही, कारण तुम्ही ते प्रश्नात गुंडाळून पाठवलंत.

ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तुमची जुनी खोड. बायकोपासून काय लपवायचं हो त्यात? तुमच्या मुलांचे लंगोट मी धुतले, तुमच्या आईचं शेवटचं सगळं मी केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीपायी तुम्ही साल्झबर्ग घालवलंत, आणि मी इतके दिवस तुम्हाला शिव्या देत बसले. मला हे न सांगता कळायला हवं होतं, असं म्हणू नका. सांगितल्याशिवाय कुणालाही कळत नाही. एक्स्चेंजमध्ये सुद्धा नंबर सांगावा लागायचा.

राघव हॉस्पिटलात नर्स आहे, त्याला मी तुमचं नाव न घेता विचारलं. जावई हुशार, लगेच म्हणाला, "बाबांना इथे डॉक्टरकडे नेऊ, आई. या वयात बहुतेकांना होतं, गोळ्या असतात." लाजण्यासारखं काही नाही म्हणाला. जन्मभर धरणाचे दरवाजे कधी उघडायचे ते तुम्ही ठरवलंत, आता एक दरवाजा ऐकत नाही, एवढंच. रागावू नका. हे पत्र मी संपदाला वाचायला दिलेलं नाही, बंद करून देणार आहे.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पहिला थांबा दोन तासांहून जास्त वेळाने आला, पेट्रोल पंपावर. गाडीत मागे सोय नव्हती. तुम्ही आला नाहीत ते तुमच्या परीने बरोबर होतं.

आणि संपदाकडून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. मी नाशिकला राहायला येणार नाही. मला इथे बरं वाटतं. मी एकटी बसने ग्रंथालयात जाते, कोपऱ्यावरच्या डेअरीतली बाई मला नावाने ओळखते, आणि मी बोलायला लागले की लोक थांबतात. ते मी सोडणार नाही. पण तुम्ही एकट्याने एका खोलीत दिवस काढावेत, असंही मला वाटत नाही. राहायचे कागद दोघांचे झालेले आहेत. सामानापुरती खोली घ्या, कुलूप लावा आणि इकडे या. मला तुम्ही इथे हवे आहात. हे मी तोंडाने म्हणाले नसते, म्हणून लिहिते आहे.

आलात तर एक गोष्ट मात्र पाळायची. टेबलावर मला कुणी काही विचारलं, तर उत्तर मी देणार. चुकलं तर चुकलं. तुमचा आजार कळला म्हणून त्या जेवणाच्या वेळचं मी विसरले, असं समजू नका. ते वेगळं आणि हे वेगळं. पुन्हा तसं झालं तर मी ताट घेऊन आत जाऊन बसणार नाही, तुम्हाला आत पाठवीन.

बाकी प्रवासाची काळजी करू नका. मुंबईहून सिंगापूरपर्यंत कडेची सीट संपदा बघेल. सिंगापूरला राघव तुम्हाला घ्यायला येईल, तेवढी रजा त्याने मागितली आहे. चहा पिऊन निघा, चहाशिवाय तुमचं डोकं दुखतं. आणि इथे आल्यावर जिथे जिथे फिरायला जाऊ, तिथे ड्रायव्हरशेजारची जागा मी घेईन. तुम्ही मागे आरामात खिडकीबाहेर बघत बसा, डोंगराचा चढ किती अंशाचा आहे ते जुईला समजावून सांगा. वेळ झाली की मला नुसता खांद्याला हात लावा. मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगेन, गाडी थांबवा, मला जायचंय.

शुभा